टाकीबाहेरचा माणूस

मी आठवीत होतो तेव्हा माझे वडील चौदा महिने घरी बसून होते.

आजारी नव्हते. मुंबईच्या गोदीत जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते फिटर होते. जहाजाच्या तळाशी दोन पत्र्यांच्या मध्ये टाक्या असतात. आत जायला जेमतेम एक माणूस मावेल एवढं भोक, आणि काम झालं की त्या भोकावर झाकण ठेवून बोल्ट आवळायचे. एका संध्याकाळी भोंगा झाला, माणसं बाहेर आली, झाकण आवळलं गेलं आणि आत रंग मारणारा एकजण राहून गेला. आत किती उतरले आणि बाहेर किती आले हे तेव्हा कोणी मोजतच नव्हतं. सकाळी झाकण उघडल्यावर कळलं.

चौकशी झाली. ठेकेदाराने लिहून दिलं की हा माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. बाबांनी सांगितलं, आला होता, दुपारी माझ्याच डब्यातली अर्धी भाकरी त्याने खाल्ली. एवढंच ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्या ठेकेदाराने त्यांना आत घेतलं नाही, आणि आठवडाभरात बाकीच्यांनीही नाही.

आई भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलायला जाऊ लागली. बर्फातली कोळंबी. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून त्यांची साल निघायची. घरी आली की ती लिंबाची फोड चोळचोळ चोळायची, पण वास जात नसे. माझ्या वह्यांनाही तो यायचा. वर्गात माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. अख्खा बाक मला मोकळा मिळाला आणि त्या वयात मी तो फायदाच धरला. दोन्ही वेळ पेज, आणि कधी आईने आणलेल्या कोळंबीच्या डोक्यांचं कालवण. माझ्या बहिणीने सहावीतून शाळा सोडली ती कायमची. आजही ती मला ‘आमचे इंजिनियर’ म्हणते तेव्हा त्यात टोमणा असतो, आणि तो मारायचा तिला हक्क आहे.

त्या चौदा महिन्यांत गोदीच्या युनियनची माणसं आमच्या खोलीत येऊन बसायची. चहा प्यायचीही नाहीत, घरची परिस्थिती बघून. शेवटी त्यांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. बाबांना परत काम मिळालं. आणि प्रत्येक कामगाराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळाला. टाकीत उतरताना ज्याने त्याने आपला बिल्ला टाकीच्या तोंडाशी लावलेल्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा, आणि कोणी आत असेपर्यंत तोंडाशी एक माणूस बसून राहायचा.

मी बाबांना विचारलं होतं, युनियन म्हणजे नक्की काय. शाळेत कोणीतरी चिडवलं होतं, म्हणून. ते विडी विझवत म्हणाले, “आत एक माणूस असला की बाहेर एक माणूस पाहिजे. तेवढंच.”

मग मी शिकलो. बाबांच्या घरात आणि आईच्या माहेरी, दोन्हीकडे मिळून पदवी घेतलेला मी पहिला. हे मी मुद्दाम सांगतो. मला त्याचा अभिमान आहे, लपवायचं कशाला. मेकॅनिकल इंजिनियर झालो आणि नव्वदीच्या सुरुवातीला शारजाला आलो. निघताना बाबांनी आपला बिल्ला माझ्या हातावर ठेवला. ते तोवर निवृत्त झाले होते. मी तो डिग्रीच्या चौकटीला सुतळीने बांधला आणि शारजाला लागूनच दुबईत, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये दारासमोरच्या भिंतीवर लावला. येणारा पहिल्यांदा तेच बघायचा.

माझं यार्ड हमरिया फ्री झोनमध्ये होतं. टग, बार्ज, छोटी जहाजं. मी प्लॅनिंगला. जहाजाचा कुठला तुकडा कधी उभा राहणार, वेल्डर किती लागणार, क्रेन कोणाला किती वाजता मिळणार, सगळं माझ्या तक्त्यावर. माणसं आपल्याकडचीच: केरळी, बिहारी, आंध्रातली, थोडी पाकिस्तानी, थोडी बंगाली, आणि बोलणं हिंदीत. युनियन त्या देशात नाही. तो शब्दही यार्डात कोणी काढत नसे. मलाही त्यात काही खटकत नव्हतं. आपल्याला नोकरी करायची होती, मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं होतं, आईला हातांना क्रीम लावून स्वस्थ बसवायचं होतं. ते सगळं झालं होतं.

आमचा फोरमन दापोलीकडचा मुसलमान. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, आयुष्य जहाजांवर गेलेलं. माझ्याशी कोकणी वळणाचं मराठी बोलायचा आणि मला साहेब म्हणायचा, पण असा की ऐकणाऱ्याला कळावं, साहेब कोण ते.

आमच्याकडेही टाकीत उतरणाऱ्यांना टोकनं होती. सगळ्या टाक्यांची मिळून एकच मोठी पाटी, जहाजावर चढायच्या शिडीपाशी. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, संध्याकाळी, नव्वद माणसं एका पाटीपुढे रांग लावायची. मी घड्याळ घेऊन चार दिवस उभा राहिलो. दिवसाचा तासाहून जास्त वेळ रांगेत जात होता. मी मॅनेजरना कागद लिहून दिला: फोरमनने कामाआधीच सगळ्या गँगची टोकनं एकदम अडकवावी आणि सुटल्यावर एकदम काढावी. माणसांनी सरळ कामाला लागावं. मॅनेजर खूश झाले. मला शाबासकीचं पत्र मिळालं. तेही मी जपून ठेवलं.

फोरमनने तेव्हा एकदाच विचारलं होतं, “साहेब, मग ती टोकनं ठेवायची कशाला ओ?”

“ऑडिटला लागतात,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला. “ऑडिटसाठी टाकीत उतरायची आमची तयारी आहे.”

मी हसलो. विषय तिथेच संपला, खलास.

त्यानंतर दोनेक वर्षांनी हॉलंडच्या एका यार्डाचं काम आमच्याकडे आलं. गाळ उपसणारं जहाज. त्यांनी ठरवलं होतं की पोलादी सांगाडा आमच्याकडे बांधून घ्यायचा, मग तो ओढत तिकडे न्यायचा, आणि इंजिनं, पंप, वायरिंग सगळं तिकडे. पण तिकडे एक अडचण होती, आणि ती मला फार नवलाची वाटली. त्यांच्याकडे असलं काही करायचं तर मालकाला कामगारांना आधी विचारावं लागतं. त्यांची युनियन म्हणाली, सांगाड्याचं काम आमच्या हातून जातंय, ते आम्ही एकवेळ सोसू. पण जिथे जातंय तिथली माणसं कशी काम करतात ते आमचा माणूस जाऊन बघेल. त्याने बरं म्हटलं तर आमची हरकत नाही. त्याने वाईट म्हटलं तर आम्ही सही करणार नाही.

मॅनेजर आमचे मुंबईचेच, साठीला आलेले, आयुष्यभर इकडे. त्यांनी मला बोलावलं. “त्याच्याबरोबर तू राहा. तुला हिंदी येतं, मराठी येतं, इंग्लिश नीट आहे. सगळं दाखव. पण बोलताना जपून. दोन वर्षांचं काम आहे हे. गेलं तर अर्ध्या लोकांची परत जायची तिकिटं काढावी लागतील.”

मला वाटलं होतं, कोणी टाय घातलेला पुढारी येईल. आला तो पन्नाशी उलटलेला वेल्डर. एकतीस वर्षं एकाच यार्डात पत्रे जोडलेला, हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. माझ्या बाबांच्या हातांवर होते तसेच. त्याने स्वतःचे बूट आणले होते, स्वतःचं हेल्मेट आणलं होतं आणि डब्यात पाव आणि चीज. आमच्या कॅन्टीनमध्ये बसून त्याने तो डबा खाल्ला.

तीन दिवस तो नुसता हिंडला. लोकांच्या खोल्या पाहिल्या, पाणी चाखलं, वेल्डिंग पाहिलं. वेल्डिंगला त्याने चांगलं म्हटलं, एका आंध्रातल्या वेल्डरच्या जोडाची शिवण बोटाने चाचपून म्हणाला, “ही माझ्यापेक्षा सरळ आहे.” मी हिंदीत सांगितलं तर तो वेल्डर लाजून दुसरीकडे बघायला लागला.

गुरुवारी दुपारी तो शिडीपाशी थांबला. पाटीवर टोकनं ओळीने लावलेली होती. एक, दोन, तीन, चार. मी अभिमानानेच दाखवली.

त्याने ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “माणसं नंबराच्या क्रमाने येतात?”

“आमचा फोरमन शिस्तीचा आहे,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं, आणि मला ते बोलतानाच कळलं.

त्याने हात वर करून सतरा नंबरचं टोकन काढलं. “याला भेटू या. आत आहे ना?”

मी फोरमनला हाक मारली. फोरमनने टोकन हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“सतरा?” तो मला मराठीत म्हणाला. “साहेब, सतरा गेला दहा दिवसांमागे गावाला. त्याच्या बहिणीचं लग्न. बोलवायचा तर आता फोन लागेल बिहारला.”

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतोय?”

इथे मी काय सांगावं हा प्रश्न होता. मी सांगितलं, “तो सुट्टीवर आहे. टोकन काढायचं राहिलं असेल.”

पाहुण्याने मान हलवली, टोकन परत जागेवर लावलं, अगदी सरळ, आणि वहीत काहीच लिहिलं नाही. न लिहिल्याने मला जास्त भीती वाटली. फोरमन पलीकडे बघत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही.

शुक्रवारी सुट्टी. मी पाहुण्याला आधीच घरी जेवायला बोलावलं होतं, आता मोडता येईना. बायकोने सकाळी बाजारातून सुरमई आणली. “पस्तीस दिरहमची. म्हणजे चारशेच्या वर झाले की हो. तुमचा साहेब काट्यांना घाबरतो का विचारलंय का?” मी म्हटलं, तो साहेब नाही, वेल्डर आहे. ती म्हणाली, “मग खाईल नीट.”

त्याने नीट खाल्लं. सोलकढी दोनदा मागितली. माझ्या मोठ्या मुलीने त्याला इंग्रजीत शाळेचं सगळं सांगितलं. मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं ती त्याच्याकडे बघत इंग्रजीत देत होती. हात धुऊन तो भिंतीपाशी गेला. मला वाटलं डिग्री बघतोय. तो बिल्ला बघत होता.

“हे कोणाचं?”

“माझ्या वडिलांचं.”

आणि मी सांगायला लागलो. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, मला ती सांगायला आवडते. टाकीत राहिलेला माणूस, बाबांची साक्ष, चौदा महिने, कोळंबी, युनियन. मी जोरात होतो. मी म्हणालो, “आणि मग प्रत्येकाला बिल्ला मिळाला, जो तो आपल्या हाताने तोंडाशी अडकवायचा, कारण...”

‘कारण’पाशी मी थांबलो.

कारण दुसऱ्याने अडकवलेल्या बिल्ल्याला काही अर्थ नसतो. हे मला माहीत होतं. आठवीपासून माहीत होतं. ते पितळ माझ्या भिंतीवर सुतळीने बांधलेलं होतं, आणि ती नव्वद टोकनं एका हाताने लावायची युक्ती माझी होती. त्यावर मला पत्र मिळालं होतं. माझ्या बापाने चौदा महिने घरी बसून जे मिळवलं ते मी चार दिवस घड्याळ धरून घालवलं होतं.

बायको पानं उचलायची थांबली. तिला इंग्रजी सगळं कळतं. पाहुणा वाट बघत होता, घाई नव्हती त्याला.

“ती पाटी,” मी म्हणालो. “ती तशी लावायची हे मी ठरवलं. फोरमनने नाही. आणि सतरा नंबर काढायचा राहिला, असं काही नाही. आमच्याकडे रोज सगळे नंबर लागतात, माणूस असो नसो.”

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “आमच्याकडे पाटी कधी सरळ दिसत नाही. वाकडी लागलेली, एक वर एक लागलेली, मध्ये गाळलेली. ज्याने लावली तो पळत आलेला असतो.”

“तुम्ही हे लिहिणार?”

“जे पाहिलं ते लिहिणार. माझ्या लोकांनी मला त्यासाठीच पाठवलंय.” मग तो खुर्चीत बसला. “माझं विमान सोमवारी संध्याकाळी आहे. सोमवारी सकाळी जे दिसेल तेही लिहीन. तुम्हाला कसं करायचं ते मी सांगायला नको, तुमच्या घरात ते आहे.”

बायकोने विचारलं, चहा घेणार का. तो घेणार होता.

शनिवारी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. शुक्रवारी पाहुणा गेल्यावर संध्याकाळभर बसून मी नवीन तक्ता केला होता. शिडीपाशी एकच पाटी नको. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी छोटी पाटी. नव्वद माणसांची एक रांग होण्यापेक्षा दहा-दहाच्या नऊ. गँग थोड्या थोड्या वेळाने उतरवायच्या म्हणजे क्रेनही मोकळी राहील. रांगेचा वेळ पूर्वीच्या चौथ्या हिश्श्यावर येत होता. हे मला दोन वर्षांपूर्वीही सुचलं असतं; तेव्हा मला वेळ वाचवायचा होता, एवढंच. पण नऊ टाक्या, म्हणजे तोंडाशी बसायला नऊ माणसं, आणि ती वेल्डिंग करणार नाहीत. तेवढ्याने काम आठवडाभर लांबत होतं.

मॅनेजरनी तक्ता वाचला. “नऊ माणसं नुसती बसवायची?”

“बसायचंच काम आहे त्यांचं.”

“त्या गोऱ्याने डोक्यात घातलं तुझ्या. उद्या म्हणशील कमिटी करू. हे इकडे चालत नाही, तुला माहीत आहे.”

“कमिटी नको. टाकी तिथे माणूस, आणि ज्याचं टोकन त्याच्या हातात. सर, आधीचं मी दिलं होतं. ते चुकलं. तसंही मी लिहून देतो.”

त्यांनी चष्मा काढला. “लिहून देतोस? सही करून?”

“सही करून.”

“उशीर झाला तर त्याच सहीने तुझं तिकीट निघेल.”

“चालेल.”

आतून चालणार नव्हतं. मुलींच्या शाळेची टर्म अर्धी झाली होती. पण तोंडातून निघालं ते निघालं. मॅनेजर म्हणाले, “यल्ला, कर. मी ऐकलंय ते फक्त सेफ्टीचं ऐकलंय, दुसरं काही नाही.” नंतर कधीतरी मला वाटलं, त्या माणसाने तेव्हा मला बरंच सांभाळून घेतलं. त्यांनाही काम हवंच होतं, पण चूक माझ्या नावावर चढवून मला परत पाठवणं त्यांना सोपं होतं.

फोरमनला सांगितलं तर तो म्हणाला, “झालं का साहेब ऑडिट?”

“झालं. माझंच झालं.”

“घरीच झालेलं दिसतंय,” तो म्हणाला. मग गंभीर झाला. “तोंडाशी बसायला माणसं कोण देणार? तुम्ही नावं काढाल तर ज्याला वेल्डिंग येत नाही तो बसेल. आळशी बसेल. झोपेल तो तिथे.”

“मग?”

“त्यांनाच विचारू या. आत कोण उतरणार? ते. मग बाहेर कोण बसणार ते त्यांनी सांगावं.”

रविवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने एकेका गँगला जमवून हिंदीत विचारलं. “टाकी के मुँह पे किसको बिठाएँ? अपनी जान किसके भरोसे?” एवढंच. मला वाटलं होतं गोंधळ होईल. प्रत्येक गँगला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांना माहीत होतं. चार नंबरच्या टाकीवाल्यांनी त्याच आंध्रातल्या वेल्डरचं नाव घेतलं, सरळ शिवणवाल्याचं. मी म्हटलं, अरे हा सगळ्यात चांगला वेल्डर आहे. एक बिहारी म्हणाला, “साब, इसीलिए.” केरळ्यांनी आपल्यातला कोणी न घेता एक पेशावरचा पठाण निवडला, कारण तो गप्पा मारत नाही. त्या देशात मी पाहिलेली ती पहिली निवडणूक. तिला आम्ही निवडणूक म्हटलं नाही. कागदावर ‘ड्यूटी लिस्ट’ लिहिलं.

सोमवारी सकाळी पाहुणा बूट घालून आला. टाकीच्या तोंडाशी रंगाच्या उलट्या डब्यावर एकेकजण बसला होता, मांडीवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखा. माणसं येत होती, टोकन अडकवत होती, उतरत होती. एकाचं खाली पडलं, पत्र्यावर घरंगळत गेलं, तो मागे पळाला. तीन नंबरच्या पाटीवर दोन टोकनं एकाच खिळ्याला लागली होती आणि एक खिळा रिकामा. मी सवयीने ती नीट करायला हात पुढे केला. पाहुण्याने माझं मनगट धरलं.

“राहू दे,” तो म्हणाला आणि कॅमेरा काढला.

सतरा नंबरचा खिळा रिकामा होता. सतरा गावाला होता.

जाताना त्याने फोरमनशी हात मिळवला. फोरमन म्हणाला, “गो होम, हबीबी, टेल देम गुड.” आणि माझ्याकडे वळून मराठीत, “इंग्लिश येतं आम्हाला. गरज असेल तेव्हा काढतो.”

दोन आठवड्यांनी हॉलंडहून कळलं, त्यांच्या युनियनची हरकत नाही. वर एक ओळ होती, की तिकडचा माणूस पुन्हा एकदा येईल, न कळवता. तो आला नाही, पण आम्ही रोज तो येणार असं धरून चाललो, आणि मग ते धरायचीही गरज उरली नाही.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. पलीकडे त्यांनी विडीसाठी काडी ओढल्याचा आवाज आला. आयएसडीचं मीटर पळत होतं. मला वाटलं रागावले.

“बाहेरचा माणूस सावलीत बसतो का?” त्यांनी विचारलं.

मी विचारच केला नव्हता. मे महिना तोंडावर होता.

“नाही,” मी म्हणालो.

“मग तो उठून जाणार. दोष त्याचा नाही. आधी सावली कर, मग मला फोन कर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ताडपत्र्या लावल्या, नऊ ठिकाणी, आणि खाली पाण्याचा एकेक जग. मग मी फोन केला. “आता बरं,” ते म्हणाले आणि आईला फोन दिला.

जुलैत एका संध्याकाळी सुटल्यावर सात नंबरच्या पाटीवर एक टोकन लटकत राहिलं. बाकीचे बसमध्ये जाऊन बसले होते. सातचा राखणदार, एक म्हातारा केरळी, जागचा हलेना. त्याने शिट्टी मारली, आत हाका मारल्या. उत्तर नाही. बसमधली सगळी माणसं उतरून परत आली. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. फोरमन बॅटरी घेऊन उतरला, मी वर भोकाशी वाकून उभा. खरंच सांगतो, त्या क्षणी मला आठवीत बाबांकडून ऐकलेली ती सकाळ दिसत होती.

आतून फोरमनचा आवाज आला. शिव्या. मनसोक्त, कोकणातल्या, एकामागून एक. त्या ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण मेलेल्या माणसाला असं कोणी बोलत नाही. पोरगा ब्लोअरच्या गार हवेच्या नळीला कवटाळून झोपला होता. डोळे चोळत वर आला तर भोकाभोवती चाळीस माणसं उभी. तो घाबरला, त्याला वाटलं आग लागली.

“क्या रे,” फोरमन त्याला हिंदीत म्हणाला, “बाप के घर में ए.सी. नहीं है क्या?”

बस अर्धा तास उशिरा सुटली. कोणी कुरकुरलं नाही. त्या पोराला मात्र जहाज जाईपर्यंत सगळे ‘ए.सी.’च म्हणायचे. म्हाताऱ्या केरळ्याने त्याच्या हातात टोकन दिलं आणि मगच तो पाटीपासून हलला.

शाबासकीचं ते पत्र मी फाडलं नाही. कपाटात आहे. मुली मोठ्या झाल्यावर एकीने ते काढून विचारलं, “Baba, what was this for?” मी सांगितलं, चुकीच्या कामासाठी मिळालं. तिने पुन्हा वाचलं आणि परत ठेवलं.

सांगाडा ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा पाण्यात गेला. मॅनेजरनी माझं तिकीट काढलं नाही. मी त्या यार्डात आणखी सात वर्षं होतो, आणि त्या सात वर्षांत बांधलेल्या प्रत्येक जहाजावर प्रत्येक टाकीच्या तोंडाशी सावलीत एक माणूस बसला, तो आत उतरणाऱ्यांनी निवडलेला होता, आणि टाक्यांमध्ये गेलेली सगळी माणसं बाहेर आली.